बटणाच्या मापाचं काज

१

काजमावशींच्या बाटलीत भलत्याचेच खडे होते.

बाटली गोळ्यांची असते तेवढीच, पांढऱ्या झाकणाची. वर मावशींचं नाव, वय, तारीख सगळं ठळक छापलेलं. आत मात्र मसुराएवढे पिवळसर खडे, वीस-पंचवीस तरी असतील. मावशींनी बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली, हलवली, चष्मा पुसून पुन्हा धरली.

"हे माझे नव्हेत," त्या म्हणाल्या.

ऐकायला कोणी नव्हतं. त्यांचे यजमान दवाखान्याच्या लांबलचक मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून सातवा फोन करत होते. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते ते. फोनवरही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं असंच बोलायचे. "रिपोर्ट आला! सगळं नॉर्मल! पित्ताशयाला साधी सूज, बाकी काही नाही! हो हो, अगदी साधी!" साधी सूज कोणाला एवढी आवडलेली मावशींनी कधी पाहिली नव्हती.

आता मावशींना काजमावशी का म्हणतात ते सांगायला हवं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काजं केली. कापड दुसरे कापायचे, शर्ट तिसरे शिवायचे, आणि सगळं होऊन माल मावशींच्या टेबलावर यायचा. त्यामुळे त्यांना दोन सवयी जडल्या होत्या. एक, सगळ्यांच्या चुका आपल्यापर्यंत येऊन थांबतात असं त्यांचं ठाम मत होतं. दुसरी, कुठलीही वस्तू त्या आधी बटण म्हणून बघायच्या.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांपूर्वी पडद्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "एकच खडा आहे, पण तीन सेंटिमीटरचा." मावशींनी मनातल्या मनात ताबडतोब माप बदलून घेतलं होतं: ओव्हरकोटाचं बटण. ऑपरेशन होईपर्यंत त्या बटणाने त्यांना रात्री-अपरात्री कळा देऊन रडवलं. ज्याने एवढं छळलं त्याचं तोंड एकदा बघायचंच, असं ठरवून त्या आज आल्या होत्या. आणि हातात काय, तर मसूर.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि त्यांची शेजारीण बाहेर आली.

शेजारीण म्हणजे दवाखान्यातली. आठवड्यापूर्वी दोघींची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली, एकाच रोबोने केली, आणि दोघींनी एका खोलीत एक रात्र काढली. बत्तीस वर्षांची पोर, घरी आठ महिन्यांचं बाळ. एका रात्रीत तिने मावशींना बाळाचे पस्तीस फोटो दाखवले होते. तेव्हापासून मावशी त्या बाळासाठी एक लहानसं जाकीट शिवत होत्या. चार बटणांचं. आत्ताही ते त्यांच्या पिशवीत होतं, दोन काजं झालेलं.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. एका हातात कागद होता, दुसऱ्यात बाटली. ती मावशींच्या बाजूला बाकावर बसली आणि रडायला लागली. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नजर सहज तिच्या मांडीवरच्या बाटलीकडे गेली.

आत एकच खडा होता. बाटलीच्या तोंडातून कसाबसा आत घातलेला. ओव्हरकोटाच्या बटणाएवढा.

२

"कॅन्सर म्हणतात," पोर म्हणाली. "पित्ताच्या पिशवीच्या आतल्या बाजूला. उद्या सकाळी भरती व्हायचं. यकृताचा एक तुकडा काढायचा, आणि आसपासच्या गाठी. मावशी, बाळ अजून माझं दूध पितंय हो."

मावशींनी काय सांगितलं ते त्यांचं त्यांनाही नंतर आठवेना. "होईल गं बरं", असंच काहीतरी. डोक्यात वेगळंच चाललं होतं.

सकाळी टाके काढायच्या खोलीत दोघी शेजारी शेजारी आडव्या झाल्या होत्या. मध्ये पडदा होता खरा, पण त्या पडद्याची कडी निघालेली. रोबोची ऑपरेशनं सगळी एका साच्यातली: पोटावर आडव्या ओळीत चार छोटी भोकं, त्यांतून यंत्राचे बारीक हात आत जातात आणि मोठे डॉक्टर खोलीच्या कोपऱ्यात एका खोक्यात डोकं घालून ते हात चालवतात. मावशींनी त्या यंत्राला 'चार हातांचा शिंपी' असं नाव दिलं होतं. कधी बोलत नाही आणि धागा दातांनी तोडत नाही, हे त्याचे दोन गुण त्यांना विशेष आवडले होते.

टाके काढणाऱ्या बाई काम करता करता म्हणाल्या होत्या, "मावशी, तुमच्या नाभीपाशी पाच टाके. ह्यांना दोनच."

"का हो? कापड सारखंच ना?" मावशींनी विचारलं होतं, आणि बाई हसल्या होत्या.

आता मावशींना हसू येईना. पिशवी सुटली की ती नाभीच्या भोकातून बाहेर ओढतात, हे त्यांना समजावून सांगितलेलं होतं. पिशवीतले खडे मसुराएवढे असतील तर ती लहान भोकातून दुमडून, मुडपून येईल. आत ओव्हरकोटाचं बटण असेल तर? तर भोक वाढवावं लागेल. काज बटणाच्या मापाचं करावं लागतं. त्यात कोणाची हुशारी चालत नाही. मावशींनी चाळीस वर्षांत लाखो काजं केली होती, आणि बटण लहान असताना उगाच मोठं काज करणारा एकच इसम त्यांना भेटला होता. त्याला मुकादमाने दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं.

पाच टाके मावशींच्या पोटावर होते. म्हणजे मोठा खडा मावशींच्या पोटातून आला.

बाटल्यांची अदलाबदल झाली होती. चूक सापडली म्हणून त्यांना क्षणभर आनंदही झाला, सवयीने. पोरीला सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

खडे प्रयोगशाळेत पित्ताच्या पिशवीतून काढून बाटलीत भरले होते. पिशवीची तपासणीही तिथेच झाली होती. खडे ज्याचे, रिपोर्टही त्याचाच. बाटली बदलली असेल, तर कागदही बदललाय.

मार्गिकेच्या त्या टोकाला यजमान नववा फोन करत होते. "नॉर्मल! मी म्हटलंच होतं!"

३

खरं सांगायचं तर मावशी पाच मिनिटं गप्प बसल्या. त्या पाच मिनिटांत त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही, पण आपण सांगू. त्यांना वाटलं, आपण काय डॉक्टर आहोत? टाक्यांवरून कोणी रोग ठरवतं का? यजमानांनी आपल्या दुखण्यापायी दोन महिने धड झोप घेतलेली नाही. आज सकाळी ते शीळ घालत दाढी करत होते.

मग शेजारच्या पोरीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मावशी, जाकीट कितव्या महिन्यापर्यंत येईल बाळाला?" मावशी उठल्या.

"इथेच बस. कुठे जाऊ नकोस. कशावरही सही करू नकोस," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून तळघरातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेल्या.

तिथला माणूस दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. सगळे त्याला भिंगवाले म्हणायचे. मावशींनी कौतुकाने सुरुवात केली, कारण चौकशीची सुरुवात कौतुकाने केली की माणूस दार लावून घेत नाही.

"एवढ्या बरण्या येतात तुमच्याकडे, गोंधळ कसा होत नाही हो?"

भिंगवाल्यांना असा प्रश्न कोणी कधी विचारलेला नसावा. ते खुर्ची ओढून खिडकीशीच बसले. "मावशी, मी एका वेळी एकच बरणी उघडतो. उघडण्याआधी नाव वहीत लिहितो. ती पूर्ण झाली, टेबल धुतलं, की मगच दुसरी. सतरा वर्षं झाली. माझी बायको म्हणते, तुम्ही घरी डबेसुद्धा एका वेळी एकच उघडता."

"आणि बरणी बंद असते येताना?"

"झाकणावर चिकटपट्टी, वर लेबल. पट्टी फाटलेली दिसली तर मी बरणी हातातच घेत नाही."

मावशींनी त्यांचं टेबल पाहिलं. एक बरणी, एक चिमटा, एक वही. ज्याचं टेबल असं असतं त्याच्याकडून अदलाबदल होत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. गोंधळ इथे येण्याआधीच झाला होता.

धाकटे डॉक्टर पहिल्या मजल्यावर सापडले. ऑपरेशनच्या वेळी मोठे डॉक्टर कोपऱ्यातल्या खोक्यात असतात, तेव्हा पेशंटच्या बाजूला उभे राहून यंत्राच्या हातांत हत्यारं बदलायची आणि शेवटी पिशवी बाहेर ओढायची, हे काम त्यांचं. उभ्या उभ्या चहा पीत होते बिचारे.

"डॉक्टर, त्या दिवशी मोठा खडा कोणाचा निघाला?"

"मोठा? हो, आठवतो. पहिली केस." त्यांनी कप खाली ठेवला. "बाहेर येईचना. मला भोक वाढवावं लागलं."

"नाव?"

"नाव असं लक्षात राहत नाही, मावशी. आत घेताना नाव विचारतो, हातावरचा पट्टा वाचतो. एकदा का माणूस हिरव्या कापडाखाली गेला की मग आमच्यासाठी पहिली केस, दुसरी केस. त्यानंतर माझ्या वीस केस झाल्यात." मग माणूस भला म्हणून त्यांनी फाइलमधून त्या दिवशीची छापील यादी काढली. "हे बघा. सव्वाआठला पहिली केस, तुमच्या शेजारीण. साडेदहाला दुसरी, तुम्ही."

मावशींनी यादी दोनदा वाचली. "भोक दुसऱ्या कशाने मोठं करावं लागतं का?"

"लागतं की. चरबी असली, आत चिकटलेलं असलं. का हो? काही दुखतंय?"

"नाही, नाही."

पहिली केस मोठ्या खड्याची. पहिली केस म्हणजे ती पोर. लेबल बरोबर, बाटली बरोबर, रिपोर्ट बरोबर. आणि मावशींचे पाच टाके म्हणजे निव्वळ म्हातारपणची चरबी.

मावशींचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी तो तिथे पडला याची त्यांना एवढी लाज वाटली, की जिन्यावर समोरून येणाऱ्यांकडेही त्यांना बघवेना.

४

परत आल्या तेव्हा यजमान आणि पोर बाकावर शेजारी बसले होते. यजमानांना पोरीची बातमी कळली होती. फोन खिशात गेला होता आणि ते तिला पाण्याची बाटली उघडून देत होते.

मावशी बसल्या. हाताला काही तरी हवं म्हणून त्यांनी पिशवीतून जाकीट काढलं आणि तिसऱ्या काजाला सुरुवात केली. चरबी म्हणे! दोन महिने पथ्याचं खाऊन त्यांची हाडं वर आली होती. आणि सोनोग्राफीतला एकच खडा? तो काय वाटेत फुटून पंचवीस झाला?

"त्या दिवशी हिला सव्वाआठला आत घेतलं, मला साडेदहाला," त्या यजमानांना म्हणाल्या. म्हटलं म्हणजे काय, स्वतःची समजूत घातली. "छापील यादीच आहे तशी."

"यादी?" यजमानांच्या आवाजात तीस वर्षांची नोकरी जागी झाली. "यादीवर काय जातेस? प्रवासी कधी यादीप्रमाणे चढलेत? तुला आठ वीसला आत घेतलं. दार बंद झालं, मी घड्याळ बघितलं. दहा पाचला बाहेर आणलं. डोळे अर्धवट उघडे, आणि पहिला शब्द काय, तर 'माझी कात्री कुठाय?' दहा पाचला! साडेदहाच्या केसचं माणूस दहा पाचला बाहेर येतं का?"

मावशींच्या हातातली सुई थांबली.

"अगं, बघतेस काय? मी कधी वेळ चुकलोय?"

कधीच नाही. ह्या माणसाने स्वतःच्या लग्नात उशीर नको म्हणून सगळ्या वऱ्हाडाला अर्धा तास आधीच मांडवात उभं केलं होतं. आपण काय बोलून बसलो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते फक्त बायकोची चूक दुरुस्त करत होते, नेहमीसारखी.

"पोरी, तुला किती वाजता नेलं?" मावशींनी विचारलं. त्यांना स्वतःला त्या सकाळचं फारसं आठवत नव्हतं. आधीच इंजेक्शन दिलेलं, सगळं धुरकट.

पोर विचार करून म्हणाली, "खाली तर आपल्याला बरोबरच नेलं होतं ना, पडद्याच्या अलीकडे-पलीकडे. पण मी आत गेले खूप उशिरा. भुकेने जीव चालला होता. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, 'एक आजी फार घाबरल्यात, थरथरतायत. त्यांना आधी घेतलं तर चालेल का? तुम्हाला थांबावं लागेल.' मी म्हटलं, घ्या की."

"कोण आजी?"

"मी नाही विचारलं." पोर मावशींकडे बघत राहिली. "मावशी, तुम्ही होता?"

मावशींना आठवलं ते एवढंच, की कुणीतरी त्यांचा हात हातात घेतला होता. गरम, कोरडा, घट्ट हात होता तो. त्या हाताच्या जोरावर मावशी ऑपरेशनच्या दारातून आत गेल्या होत्या, नाहीतर पळून जाण्याचा त्यांचा बेत पक्का होता.

तोच हात त्याच वेळी मार्गिकेतून एक ट्रॉली ढकलत येत होता.

५

"सिस्टर, दोन मिनिटं बसा," मावशी म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी माझा हात धरला होतात. मी तुमचे आभारही मानले नाहीत."

सिस्टर हसल्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, कपाळावर एक केस इकडचा तिकडे नाही. "आभार कसले? तुम्ही केवढ्या कापत होता. म्हटलं, तीन तास अशा पडून राहिल्या तर मलाच काही सुचायचं नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, दोघींची तयारी आहे, मग घ्या आधी."

"मग पाटीवर नंबर बदललात?"

"बदलला ना. यंत्रावर तुमचं नाव घातलं, पट्टा वाचला, भूलवाल्या डॉक्टरांना सांगितलं. सगळं बदललं."

"आणि पिशवी ठेवायची बरणी? तिच्यावर लेबल कधी लावता?"

"ते तर मी सकाळी सातलाच..."

सिस्टर थांबल्या.

मावशींना तो चेहरा ओळखीचा होता. एका पूर्ण गठ्ठ्याची काजं उलट्या बाजूला केल्याचं लक्षात आल्यावर आरशात त्यांनी तो स्वतः पाहिला होता.

"मी आधीच लावून ठेवते," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे मध्ये घाई नको. फळीवर डावीकडे पहिली बरणी, उजवीकडे दुसरी. पिशवी आली की डावीकडची घ्यायची. मीच चिकटवलेलं लेबल. ते मी वाचलं नाही. पुन्हा वाचलंच नाही." त्यांनी पोरीकडे पाहिलं, तिच्या मांडीवरचा मोठा खडा पाहिला, आणि ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. "मी आत्ताच जाऊन सांगते. माझी नोकरी गेली तरी जाऊ दे. ह्यांना उद्या टेबलावर घेतलं असतं."

"थांबा. मी येते बरोबर," मावशी म्हणाल्या. "एकटीने कशाला जायचं? मी गेले होते का एकटी?"

मोठे डॉक्टर दोनच्या सुमारास मोकळे झाले, तेव्हा यजमान आणि पोर धरून चौघंही त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटर सुरू केला. चार हातांच्या शिंप्याची एक गोष्ट मावशींना माहीत नव्हती: तो बोलत नाही, पण विसरतही नाही. पट्ट्यावरचं नाव घातल्याशिवाय तो चित्रण सुरू करत नाही, आणि प्रत्येक ऑपरेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत साठवून ठेवतो.

पडद्यावर मावशींचं नाव आलं. खाली वेळ: आठ चाळीस. मग गुलाबी-पिवळं असं सगळं आतलं जग, आणि त्यात दोन चिमुकले हात, इतके सावकाश आणि इतके नाजूक, की मावशी स्वतःचंच पोट आहे हे विसरून बघत राहिल्या. हातांनी पिशवी यकृतापासून सोडवली, प्लास्टिकच्या थैलीत घातली. थैली वर ओढली गेली आणि तोंडाशी अडकली. आत एक मोठा गोल फुगवटा होता.

डॉक्टरांनी दुसरं चित्रण लावलं. पोरीचं नाव, अकरा वाजता. तिची थैली एका झटक्यात बाहेर गेली.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "दोघींच्या रक्ताशी नमुने जुळवून खात्री करून घेऊ, त्याला चार दिवस लागतील. पण मला शंका नाही." त्यांनी पोरीकडे वळून मान खाली घातली. "तुम्हाला काही झालेलं नाही. उद्याचं सगळं रद्द. आमच्या हातून फार मोठी चूक होत होती. मी माफी मागतो."

पोर रडली, पण मावशींच्या गळ्यात पडून. आनंदाने रडावं की दुःखाने, हे तिला ठरवता येईना. "तुम्ही गप्प बसला असतात तर तुम्हाला कोणी काही म्हटलं नसतं," ती म्हणाली.

"तू मला तुझा नंबर दिलास," मावशी म्हणाल्या. "माझं दुखणं कशाला घेतेस वर?"

यजमान दाराशी उभे होते. हातात फोन तसाच. "आठ वीस," ते म्हणाले. "मीच बोललो. मीच का बोललो गं?"

मावशी त्यांच्यापाशी गेल्या. सगळ्यांसमोर एकमेकांचा हात धरायची सवय दोघांनाही नव्हती, तरी त्यांनी धरला. "तुम्ही बोललात म्हणून बरं झालं. नाहीतर मी हसत हसत घरी गेले असते, आणि ते आत गुपचूप वाढत बसलं असतं. अहो, तुमच्या घड्याळाने वाचवलंय मला."

"अजून वाचायचंय," डॉक्टर म्हणाले. ते खोटा धीर देणाऱ्यांतले नव्हते. "दुसरं ऑपरेशन लागेल, आणि मोठं. पण रोग पिशवीच्या भिंतीतच आहे असं दिसतंय. त्या खड्याने एवढं छळलं नसतं तर ही पिशवी आपण काढलीच नसती, आणि मग फार उशीर झाला असता. मला आशा आहे."

मावशींनी टेबलावरच्या त्या खड्याकडे पाहिलं. दोन महिने त्याला शिव्या दिल्या होत्या. त्यांनी तो बाटलीसकट उचलून जाकिटाच्या पिशवीत टाकला. "माझा आहे," त्या म्हणाल्या.

यजमानांनी त्याच संध्याकाळी नऊच्या नऊ जणांना परत फोन केले. पहिल्यांदाच ते हळू बोलले.

६

सिस्टरची नोकरी गेली नाही. आपण होऊन सांगितलं म्हणून डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि मावशींनी वरिष्ठांना स्वतःच्या हाताने दोन पानी पत्र लिहिलं. त्यात आभारच जास्त होते. तक्रार एवढीच, की टाके काढायच्या खोलीतल्या पडद्याला कडी लावावी. शेवटी एक ओळ होती: 'काज करण्याआधी मी दर वेळी बटण हातात घ्यायचे, मापं पाठ असली तरी.' पुढच्या सोमवारपासून बरण्या कोऱ्या ठेवायचा नियम झाला.

तीन आठवड्यांनी मावशी पुन्हा त्याच दारापाशी आडव्या होत्या. चार दिवसांच्या तपासणीने चित्रणावर शिक्कामोर्तब केलं होतं. सिस्टरने एक बरणी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. अगदी कोरी, उघडी.

"तुकडा आत पडला, की तुमचा पट्टा वाचून मगच लेबल. आणि तेही दोघींनी वाचायचं," सिस्टर म्हणाल्या. आणि त्यांनी पट्ट्यावरचं नाव तिसऱ्यांदा वाचलं.

"आता तुम्ही घाबरलात होय?" मावशी म्हणाल्या. "आणा तो हात इकडे."

बाहेर बाकावर यजमान घड्याळ बघत बसले. त्यांच्या एका बाजूला ती पोर, मांडीवर बाळ. बाळाने बराच वेळ कंडक्टरकाकांचा चष्मा ओढून बघितला आणि तेवढ्यापुरतं त्यांचं घड्याळावरचं लक्ष उडालं. मावशी त्यांच्याकडे जाकीट देऊन गेल्या होत्या. तीन काजं झालेली, चौथ्याच्या जागी खडूची रेघ आणि सुई टोचून ठेवलेली. "कोणाला हात लावू देऊ नका," असं बजावून.

दार आठ दहाला बंद झालं, एक पंचवीसला उघडलं. डोळे अर्धवट उघडून मावशींनी विचारलं, "पट्टा वाचला का?"

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. यजमानांनी पाकीट न उघडताच पोरीच्या हातात दिलं. तिने आधी नाव वाचलं, मोठ्याने. मग वय. मग मावशींच्या मनगटावरून काढून जपून ठेवलेल्या पट्ट्यावरचा नंबर, एकेक आकडा. मग पुढचं वाचताना तिला हुंदका आवरेना: सगळ्या कडा स्वच्छ, गाठींमध्ये काही नाही.

"कडा स्वच्छ," मावशींनी पुन्हा म्हणून पाहिलं. आयुष्यभर त्या हेच बघत आल्या होत्या. कोणाकोणाचे आभार मानायचे ते त्यांना सुचेना. खोक्यात डोकं घालून बसणारे डॉक्टर, त्यांचा तो न बोलणारा शिंपी, सिस्टरचा हात, भिंगवाल्यांचं टेबल, आठ वीस. त्यांनी डोळे पुसले आणि खुर्ची खिडकीशी ओढायला सांगितली.

"फोन करू?" यजमानांनी विचारलं.

"करा. मोठ्याने करा."

यजमान मार्गिकेच्या टोकाला गेले. मावशींनी रेघेवरून कापलं, कडेने टाके घातले, गाठ मारली. पोरीने बाळाला पुढे धरलं. जाकीट जरा घट्टच झालं होतं. महिन्याभरात बाळ थांबलं नव्हतं. मावशींनी खालून एकेक बटण लावत आणलं, आणि चौथं, हनुवटीखालचं, नव्या काजातून सहज आत गेलं.